लॅपटॉप तुमचा, नेटवर्क सगळ्यांचं

(महाविद्यालयात आणि विद्यापीठात नव्याने दाखल झालेल्या मुलामुलींच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



सकाळपासून तुम्ही शिष्यवृत्ती, वसतिगृहाचे अर्ज, स्पर्धा परीक्षा यांबद्दल ऐकलंत. आता बिर्याणीनंतरच्या सत्रात मला लॅपटॉपच्या सुरक्षिततेवर बोलायला उभं केलंय, म्हणजे झोपेची पूर्ण सोय झाली. म्हणून सुरुवात एका भांडणाने करते.

मी एका विद्यापीठाच्या संगणक केंद्रात काम करते. वसतिगृहांचं नेटवर्क सांभाळणं हे माझं रोजचं काम. काही वर्षांपूर्वी, परीक्षेचे अर्ज भरायच्या आठवड्यात, एक मुलगा तणतणत आमच्या खोलीत आला. कोकणातला, अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाचा. त्याचं इंटरनेट आदल्या रात्री बंद पडलं होतं. दारावरच्या पाटीवर माझं नाव वाचून तो म्हणाला, "मॅडम, निदान तुम्हाला तरी कळायला हवं होतं. अख्ख्या मजल्यावर माझंच का बंद केलं?"

प्रश्न त्याने अर्धाच विचारला होता. उरलेला अर्धा आम्हा दोघांनाही ऐकू आला.

त्याचं कनेक्शन मीच बंद केलं होतं. मी त्याला शेजारी बसवलं आणि स्क्रीनवरची नोंद दाखवली. रात्री सव्वादोन वाजता, तो झोपलेला असताना, त्याचा लॅपटॉप नेटवर्कवरच्या दुसऱ्या संगणकांची दारं ठोठावत होता. एक झालं की दुसरं, दुसरं झालं की तिसरं, शेकडो पत्त्यांवर. विचारल्यावर कळलं, की दोन दिवसांपूर्वी त्याने ड्रॉइंगचं एक महागडं सॉफ्टवेअर 'क्रॅक' करून बसवलं होतं. त्या क्रॅकसोबत सूचना होती: आधी अँटिव्हायरस बंद करा. त्याने केला. मित्रांनीही तसंच केलं होतं म्हणे, त्यांना काही झालं नाही.

म्हणजे त्याचा संशय चुकला. पण त्याची तक्रार सगळीच चुकीची नव्हती. त्या रात्री दुसऱ्या इमारतीतल्या आणखी दोघांची कनेक्शनं मी बंद केली होती. ते त्याला कळायला काही मार्गच नव्हता. आमच्याकडून त्याला ना कारण कळवलं गेलं, ना मुदत, ना कुणाला भेटायचं ते. स्क्रीनवर फक्त 'प्रवेश नाकारला' एवढे दोन शब्द. भाड्याने खोली मागताना नाव सांगितल्याबरोबर 'जागा कालच गेली' असं ज्याने ऐकलंय, त्याने हे दोन शब्द वाचून काय समजायचं? पुढे आम्ही तो संदेश बदलला. आता त्यात बंद करण्याचं कारण असतं, काय दुरुस्त करायचं ते असतं, आणि भेटायची वेळ असते.

आज मला या दोन्ही बाजू सांगायच्या आहेत. आपलं यंत्र आपल्या ताब्यात ठेवणं ही आपली जबाबदारी. आपल्याला कारण सांगणं ही संस्थेची. पहिली पार पाडली, की दुसरी ताठ मानेने मागता येते.

कॅम्पसचं नेटवर्क वेगळं का असतं

घरी तुमच्या राउटरला चार-पाच यंत्रं जोडलेली असतात, सगळी आपल्याच माणसांची. वसतिगृहात एकाच नेटवर्कवर शेकडो, मोठ्या कॅम्पसवर हजारो यंत्रं असतात आणि ती कुणाकुणाची, कुठून आलेली, कुणालाच माहीत नसतं. चाळीची पाण्याची टाकी एकच असते ना, तसं हे. एका खोलीतली घाण बादली टाकीत बुडाली, की पोट सगळ्यांचं बिघडतं.

हे जगाला २००३ साली नीट कळलं. ११ ऑगस्ट २००३ रोजी ब्लास्टर नावाचा वर्म पसरायला लागला. वर्म म्हणजे असा घातक प्रोग्राम, ज्याला तुमच्या क्लिकची गरज नसते. विंडोजमधल्या एका भोकातून तो स्वतःच आत शिरतो आणि तिथून पुढचं यंत्र शोधतो. ते भोक बुजवणारी दुरुस्ती, ज्याला आपण अपडेट म्हणतो, मायक्रोसॉफ्टने १६ जुलैलाच दिली होती. जवळपास चार आठवडे आधी. पण ती बसवून घेतली होती किती जणांनी? ऑगस्टच्या शेवटी अमेरिकेतली विद्यापीठं सुरू झाली आणि मुलं घरून आपापले संगणक घेऊन वसतिगृहात आली. केबल जोडली, की नेटवर्क आजारी. तेव्हा तिथल्या विद्यापीठांनी दुरुस्तीच्या सीडी वाटल्या. पुढे अनेक ठिकाणी अशी व्यवस्था आली, की नवं यंत्र आधी एका बाजूच्या, बंदिस्त नेटवर्कवर जाईल, तिथून फक्त अपडेट उतरवता येतील, आणि तपासणीत पास झालं तरच मुख्य नेटवर्कवर येईल. करोनात आपण विलगीकरण पाहिलं, अगदी तेच. आज काही कॅम्पसवर तुमचा लॅपटॉप आधी नोंदवून घेतात, अँटिव्हायरस आहे का ते पाहतात, त्याचं मूळ इथे आहे. पुढच्याच वर्षी, २००४ मध्ये, मायक्रोसॉफ्टने विंडोज एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकपासून फायरवॉल आपोआप चालू ठेवायला सुरुवात केली.

लोक शिकले असं वाटलं. मग १२ मे २०१७ ला वॉनाक्राय आला. हा फायली कुलूपबंद करायचा आणि सोडवायला तीनशे डॉलरची खंडणी बिटकॉइनमध्ये मागायचा. तोही क्लिकशिवाय, एका यंत्रातून दुसऱ्यात. दुरुस्ती १४ मार्चला आलेली होती, दोन महिने आधी. चीनमधल्या अनेक विद्यापीठांत तेव्हा पदवीचे प्रबंध सादर करायचा हंगाम होता. कित्येक मुलांचे वर्षभराचे प्रबंध एका रात्रीत कुलूपबंद झाले. त्यांनी काही उघडलं नव्हतं, कुठल्या वाईट साइटवर गेली नव्हती. शेजारच्या कुणाच्या तरी यंत्रातून आजार आला.

आपल्याकडे हुकूकुल-इबाद म्हणतात, माणसांचे माणसांवरचे हक्क. शेजाऱ्याला त्रास होऊ नये, ही गोष्ट आपल्याला घरातून शिकवलेली असते. वसतिगृहातला शेजारी म्हणजे फक्त भिंतीपलीकडचा नाही. त्याच नेटवर्कवर ज्या मुलीचा पीएचडीचा डेटा आहे, ती तुम्हाला कधी भेटणार नाही, पण तीही शेजारीणच आहे.

नोंद कुणाच्या नावावर होते

आता तुमच्या स्वतःच्या हिताचं सांगते.

कॅम्पसच्या वायफायला जोडताना तुम्ही आपलं नाव आणि पासवर्ड टाकता. एक सर्व्हर तो तपासतो. मग तुमच्या यंत्राला तात्पुरता आयपी पत्ता मिळतो. कोणत्या खात्याने, कोणत्या यंत्रावरून, किती वाजता, कोणता पत्ता घेतला, याची नोंद राहते. बाहेरच्या जगाला अख्खं विद्यापीठ एक-दोन पत्त्यांच्या मागे दिसतं. बाहेरून तक्रार आली, की 'अमुक वेळी तुमच्या पत्त्यावरून आमच्या सर्व्हरवर हल्ला झाला', तर आम्ही नोंदवही उघडतो. त्यात व्हायरसचं नाव नसतं. तुमचं असतं. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या यंत्रणेने एप्रिल २०२२ मध्ये काढलेल्या आदेशानुसार अशा नोंदी १८० दिवस जपून ठेवाव्या लागतात.

म्हणून लॉगिन उधार देऊ नका. 'चुलतभाऊ दोन दिवस राहायला आलाय, त्याला माझा पासवर्ड दिला', हे मी दर महिन्याला ऐकते. चुलतभाऊ चांगलाच असेल, पण त्याच्या फोनमध्ये काय आहे, ते त्यालाही माहीत नसतं. मोटारसायकल दिली तर निदान परत येताना ओरखडा दिसतो. पासवर्डवर ओरखडा दिसत नाही.

कायद्याचंही स्पष्ट सांगते, कारण आपल्या घरांत याची भीती असते. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ खाली गुन्हा व्हायला अप्रामाणिक किंवा फसवणुकीचा हेतू लागतो. ज्याच्या लॅपटॉपमध्ये नकळत व्हायरस शिरला, तो त्यामुळे गुन्हेगार ठरत नाही. पण ते स्पष्ट होईपर्यंत उत्तरं तुम्हालाच द्यावी लागतात, आणि त्यात जाणारे दिवस परीक्षेचे असू शकतात.

दुसऱ्याच्या ताब्यात गेलेल्या यंत्रात मालकाने न ठेवलेल्या गोष्टीही असू शकतात. एल्गार परिषद प्रकरणात अटक झालेल्या रोना विल्सन यांच्या लॅपटॉपची प्रत तपासून अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंग या संस्थेने २०२१ साली अहवाल दिला. ईमेलमधून आलेल्या फाइलद्वारे घातक प्रोग्राम शिरला आणि बाहेरच्या कुणीतरी त्या यंत्रात दस्तऐवज ठेवले, असं त्यात म्हटलंय. तपास यंत्रणेला ते मान्य नाही आणि खरं काय ते न्यायालयात ठरेल. मी तुम्हाला घाबरवायला हे सांगत नाही. 'माझ्या लॅपटॉपमध्ये लपवण्यासारखं आहेच काय?' असं जे म्हणतात, त्यांनी एवढाच विचार करावा, की आपल्या लॅपटॉपमध्ये जे आहे ते आपणच ठेवलेलं आहे, हे आपण खात्रीने म्हणू शकतो का?

करायचं काय

यादी मोठी नाही. वही असेल तर लिहून घ्या.

पहिलं, अपडेट. 'रिमाइंड मी लेटर' हे बटण म्हणजे वॉनाक्रायचं स्वागत. रात्री झोपताना लावून ठेवा, सकाळी झालेलं असतं. आता इथे खरी अडचण आहे ती पैशांची. आपल्यातल्या बऱ्याच जणांचा लॅपटॉप सेकंडहँड आहे, विंडोज १० वर चालणारा. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. यंत्र चालतं, पण नवं भोक सापडलं तर ते बुजवायला कुणी येत नाही. वाढीव मुदतीची एक सोय आहे, पण ती मर्यादित काळाची आणि त्यासाठी नोंदणी करावी लागते. लॅपटॉप विंडोज ११ घेत असेल तर तो चढवा. घेत नसेल तर लिनक्स मिंट किंवा उबुंटू बसवा. फुकट आहे, अधिकृत आहे, अपडेट येत राहतात, आणि मिंट चार जीबीच्या जुन्या यंत्रावरही बरं चालतं. मराठी आणि उर्दू दोन्ही टाइप करता येतं. फक्त बसवण्याआधी विभागात विचारून घ्या, की परीक्षेचं एखादं सॉफ्टवेअर विंडोजच मागतं का.

दुसरं, क्रॅक. याच्यावर मी नैतिक प्रवचन देणार नाही. दीड-दोन लाखांचं सॉफ्टवेअर दर्जीकाम करणाऱ्या बापाच्या पोराने विकत घ्यावं, असं म्हणणारा माणूस वेडा असला पाहिजे. पण हिशोब समजून घ्या. जो माणूस रात्रभर जागून क्रॅक बनवतो आणि तुम्हाला फुकट देतो, त्याला काय मिळतं? बऱ्याचदा तुमचं यंत्रच मिळतं. 'अँटिव्हायरस बंद करा' ही सूचना म्हणजे चोराने 'कुत्रा आधी बांधून ठेवा' असं सांगण्यासारखं. याला पर्याय आहेत. वर्ड-एक्सेलऐवजी लिबर ऑफिस आहे. मॅटलॅबऐवजी सायलॅब किंवा ऑक्टेव्ह, आकडेशास्त्रासाठी आर. ड्रॉइंगची, डिझाइनची काही महाग सॉफ्टवेअर्स विद्यार्थ्यांना कॉलेजच्या ईमेलवर अधिकृतपणे फुकट मिळतात. त्या मुलाला जे हवं होतं तेही असंच मिळालं असतं. आयआयटी मुंबईचा फॉसी प्रकल्प हेच काम करतो, की महागड्या सॉफ्टवेअरच्या जागी मुक्त सॉफ्टवेअर शिक्षणात यावं. तिथल्याच स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे छोटे छोटे पाठ मराठीतही आहेत. आपल्या मोहल्ल्यातल्या अभ्यासिकेत एक संगणक असेल तर ते पाठ तिथे लावून ठेवा.

तिसरं, अँटिव्हायरस आणि फायरवॉल. विंडोजमध्ये डिफेंडर आधीपासून असतो. तो चालू आणि ताजा असला, की विद्यार्थ्याला पुरतो. दोन-दोन अँटिव्हायरस बसवू नका, ते एकमेकांत भांडतात. कॅम्पसचं वायफाय जोडल्यावर त्याच्या सेटिंगमध्ये 'पब्लिक' निवडलेलं आहे ना, ते पाहा. 'प्रायव्हेट' केलं तर तुमचं यंत्र शेजाऱ्यांना दिसायला लागतं. फोल्डर शेअरिंग बंद ठेवा.

चौथं, दोन खाती. लॅपटॉपवर एक खातं ॲडमिनिस्ट्रेटरचं, एक साधं. रोजचं काम साध्या खात्यातून. एखाद्या प्रोग्रामने अचानक ॲडमिनचा पासवर्ड मागितला, की तुम्ही आपोआप थबकता. तेवढं थबकणंच वाचवतं.

पाचवं, खोटं वायफाय. कॅम्पसच्या नावाचंच वायफाय कुणीही आपल्या बॅगेतून सुरू करू शकतो. तुमचा फोन किंवा लॅपटॉप ओळखीचं नाव दिसलं म्हणून त्याला पासवर्ड देऊन बसतो. हे टाळायला सर्व्हरचं प्रमाणपत्र असतं, सर्व्हरचं ओळखपत्रच म्हणा. जोडणी करताना 'प्रमाणपत्र तपासू नका' असा पर्याय काही फोनवर दिसतो आणि सीनियर सांगतात, तेच निवड, लगेच चालू होतं. तसं करू नका. संगणक केंद्रात जा, खरं प्रमाणपत्र आणि सर्व्हरचं नाव विचारा, एकदाच नीट बसवा. एज्युरोम असलेल्या कॅम्पसवर तर हे फारच महत्त्वाचं, कारण तोच पासवर्ड तुम्ही दुसऱ्या शहरातल्या, दुसऱ्या देशातल्या विद्यापीठातही वापरता.

सहावं, पासवर्ड. स्वतःचं नाव आणि जन्मसाल, किंवा ७८६, हे पासवर्ड नव्हेत. हसू नका, नोंदीत मी पाहिलेत. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द घ्या, लांब करा, आणि ईमेलला वेगळा, कॅम्पसला वेगळा ठेवा. ईमेलवर दोन टप्प्यांची पडताळणी लावा. आणि संगणक केंद्रातलं कुणीही, म्हणजे मीसुद्धा, तुम्हाला फोन करून पासवर्ड किंवा ओटीपी विचारणार नाही. विचारला तर तो आमचा माणूस नाही.

सातवं, पेन ड्राइव्ह. कॉलेजच्या गेटबाहेर झेरॉक्सचं दुकान असतं. प्रोजेक्ट छापायला सगळे तिथेच. सकाळपासून शंभर पेन ड्राइव्ह त्या एका संगणकात गेलेले असतात. तुमचा परत आला, की फोल्डरच्या जागी शॉर्टकट दिसायला लागतात. त्या कामासाठी एक वेगळा, रिकामा पेन ड्राइव्ह ठेवा, त्यात फक्त छापायची पीडीएफ, आणि परत आल्यावर पुन्हा फॉरमॅट. शॉर्टकटवर क्लिक करू नका.

आठवं, बॅकअप. प्रबंधाची एक प्रत लॅपटॉपपासून तोडलेल्या डिस्कवर ठेवा. सतत जोडून ठेवलेली डिस्कही वॉनाक्रायसारखा प्रोग्राम कुलूपबंद करतो. आठवड्यातून एकदा, शुक्रवारी नमाजनंतर म्हणा, डिस्क जोडायची, प्रत घ्यायची, काढून कपाटात.

आणि एक नववं, फक्त वसतिगृहवाल्यांसाठी. खोलीतल्या भिंतीच्या सॉकेटला आपला घरचा राउटर जोडू नका. केबल चुकीच्या भोकात गेली, तर तो राउटर अख्ख्या मजल्याला स्वतःच पत्ते वाटायला लागतो आणि सगळ्यांचं इंटरनेट बंद पडतं. मग मला रात्री अकरा वाजता खोल्याखोल्यांतून फिरावं लागतं.

मैत्रिणींशी थोडं

आपल्या अनेक घरांत लॅपटॉप एक असतो आणि तो 'घरचा' असतो. म्हणजे भाऊ वापरतो, चुलतभाऊ वापरतो, आणि अभ्यास मात्र आपला असतो. प्रत्येकाचं खातं वेगळं करा. यात कुणावर अविश्वास नाही. घरात कपाटं असतातच ना वेगवेगळी? भावाने गेमसोबत काही बसवलं तर ते तुमच्या खात्यात, तुमच्या फोटोंत सहज शिरू नये, एवढंच.

जुलै २०२१ मध्ये आणि मग १ जानेवारी २०२२ ला काय झालं, ते तुम्हाला आठवत असेल. गिटहबवर मुस्लिम स्त्रियांचे फोटो टाकून त्यांचा लिलाव मांडला गेला. दुसऱ्या प्रकरणात मुंबई पोलिसांच्या सायबर शाखेने पहिल्या अटका केल्या, त्यात कॉलेजात शिकणारी मुलं होती. ते फोटो कुणाचा लॅपटॉप फोडून घेतलेले नव्हते. त्या बायका लिहीत होत्या, बोलत होत्या, त्यांचे फोटो सगळ्यांना दिसत होते. म्हणून मी असं खोटं सांगणार नाही, की अपडेट लावलं असतं तर हे टळलं असतं. पण त्यानंतर कितीतरी घरांत अम्मी-अब्बांनी मुलींना सांगितलं, फोटो काढून टाक, खातं बंद कर, लॅपटॉप दे इकडे. त्यांची काळजी मला कळते. पण घराला कुलूप लावणं वेगळं आणि दार विटांनी बुजवून टाकणं वेगळं. मुलीने नेटवर्कवरून उठून जाणं याला सुरक्षा म्हणत नाहीत. तिला कुलूप कसं लावायचं ते शिकवणं, याला म्हणतात.

एक कुलूप मुद्दाम सांगते. लॅपटॉप रेल्वेत चोरीला गेला, तर आतले फोटो, प्रमाणपत्रांच्या प्रती चोराच्या हाती जाऊ नयेत म्हणून डिस्क एन्क्रिप्ट करता येते. विंडोजच्या सेटिंगमध्ये 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' किंवा 'बिटलॉकर' शोधा. मॅकवर फाइलव्हॉल्ट. रिकव्हरी की कागदावर लिहून घरी ठेवा, कारण ती हरवली तर तुमचंच तुम्हाला उघडता येणार नाही. मला एकीने विचारलं होतं, "मॅडम, आपल्या नावाच्या माणसाने असं कुलूप लावलं तर संशय नाही का येणार?" नाही लागत उत्तर द्यायला. डिस्कला कुलूप लावणं हा गुन्हा नाही. मोठमोठ्या कंपन्या आपल्या कर्मचाऱ्यांच्या लॅपटॉपला हेच कुलूप लावतात.

आता संस्थेला विचारायचं

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी सांगितलं, की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. २०२३ साली वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. नेटवर्क सुरक्षित ठेवणं हा संस्थेचा अधिकार आहे, पण त्या नावाखाली काहीही मागणं हा नाही.

समजा कॉलेजने सांगितलं, हे ॲप बसवा, नाहीतर वायफाय नाही. विचारा, की हे ॲप काय पाहतं? फक्त अपडेट आणि अँटिव्हायरस पाहत असेल तर ठीक. फायली, फोटो, ब्राउझरचा इतिहास पाहत असेल तर ते का, हे लेखी मागा. काही ठिकाणी फायरवॉलचं प्रमाणपत्र तुमच्या यंत्रात बसवायला सांगतात. मघाशी ज्या सर्व्हरच्या ओळखपत्राबद्दल बोलले, ते हे नव्हे. हे बसवलं, की सांकेतिक रूपात जाणारी तुमची माहितीही ती फायरवॉल वाटेत उघडून पाहू शकते. काही संस्था सुरक्षेसाठीच असं करतात, पण तुम्हाला ते माहीत असायला हवं. तोवर बँकेचं आणि खासगी काम स्वतःच्या मोबाइल डेटावर करा.

चार प्रश्न विचारा. कोणती माहिती नोंदली जाते? किती दिवस राहते? कोण पाहू शकतं? कनेक्शन बंद केलं तर कारण कसं कळेल? हे प्रश्न 'आम्हाला का त्रास देता' असे विचारू नका. सगळ्या विद्यार्थ्यांच्या वतीने विचारा, सगळ्यांच्या सह्या घ्या, प्रतिनिधीला पुढे करा. त्या कोकणातल्या मुलाच्या भांडणामुळे जो संदेश बदलला, तो आज प्रत्येकाला दिसतो, मग त्याचं नाव काहीही असो.

आणि त्याचा लॅपटॉप? आम्ही तो पूर्ण पुसला, त्यात लिनक्स बसवलं. ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर त्याने विभागाच्या प्रयोगशाळेत वापरलं. त्याचे फोटो मात्र गेले, कारण बॅकअप नव्हता. त्यात दादीचे शेवटच्या ईदचे फोटो होते. तो त्यावर काही बोलला नाही. मीही नाही. म्हणून बॅकअपचं मी एवढं पोटतिडकीने सांगते.

तवक्कल म्हणजे उंट मोकळा सोडणं नव्हे, हे आपल्याला लहानपणीच शिकवतात. आधी दोरी बांधायची, मग भरवसा ठेवायचा. आज घरी किंवा वसतिगृहावर गेल्यावर तीनच गोष्टी करा: अपडेट लावा, ईमेलला दोन टप्प्यांची पडताळणी लावा, आणि एका डिस्कवर प्रत घ्या. उरलेलं या रविवारी. मग शेजारच्या खोलीत जा आणि त्याला किंवा तिला लावून द्या. जात-धर्म विचारून वर्म येत नाही, तेव्हा मदतही तशीच करा.

कुणाची आर्थिक फसवणूक झाली असेल, तर १९३० वर लगेच फोन करा. बाकी सायबर गुन्ह्यांची तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर करता येते. लाजेपायी गप्प बसू नका.

मी इथे मागच्या बाकावर तासभर थांबणार आहे. ज्यांनी लॅपटॉप आणलाय त्यांनी चार्जरसकट या.